मोहरीएवढी बाहुली

जावयाची मोटारसायकल अंगणात येऊन थांबली तेव्हा बयाजी हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला आणि त्याच्या हातातच राहिला. कामाच्या दिवशी, भर सकाळी, जावई सासुरवाडीला येतो तो पाहुणचाराला नव्हे, एवढं त्याला कळत होतं.

"काय सुजितराव, तनू बरी हाय न्हवं?"

"बरी हाय मामा. पर गाडीनं आज तिला घेतली न्हाय."

"घेतली न्हाय म्हंजे?"

"पेटीनं डोळं बघितलं आन् तांबडा दिवा लागला. बाहुल्या बारीक हाईत म्हणं. तिची बस जागची हलली न्हाय. डेअरीची माणसं, कॉलेजची पोरं, समदी खाली उतरली. समद्यांच्या देखत." सुजित पायरीवर बसला. त्यानं हेल्मेट काढलं नव्हतं. "मामा, ती असलं काय खाईल का? तुम्हीच सांगा."

बयाजीनं धोटा खाली ठेवला. तो नुसता समोरच्या ताण्याकडं बघत राहिला. काळ्या लोकरीचे दोरे ताठ होते, एकही सैल नव्हता.

या पेटीची हकीगत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट ध्यानात यायचं नाही. त्या काळात एक हिरवी गोळी गावोगाव पोचली होती. कंबर धरली, मणका ठणकायला लागला, की ट्रकवाले ती घ्यायचे. अफूच्याच जातीची, पण प्रयोगशाळेत जोडलेली. सरकारनं ती रक्तातून ओळखायची चाचणी काढली, की बनवणारे तिची घडण एखाद्या कडीनं बदलायचे. चाचणी फसायची, नशा तीच राहायची. रक्ताचा भरवसा उरला नाही, तेव्हा सरकारनं डोळ्याकडं तोंड वळवलं. कारण गोळीची घडण कितीही बदलली तरी मेंदूत शिरून ती एक काम करतेच. ती डोळ्याची बाहुली आवळते. बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधलं काळं भोक, जिथून उजेड आत जातो. अंधारात ते एरवी हरभऱ्याएवढं फुलतं. गोळी घेतलेल्याचं मोहरीएवढंच राहतं.

ही पेटी ड्रायव्हरच्या समोर बसवलेली असे. गाडी सुरू करण्याआधी त्यानं तिच्यात बघायचं. आत डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा उजेड असतो. त्यात कॅमेरा बाहुली मोजतो. मग पांढऱ्या उजेडाची एक चमक होते. बाहुली आवळते, पुन्हा सुटते. किती आवळली आणि किती हळू सुटली, यावरून पेटी ठरवते. हिरवा दिवा लागला तर गाडी चालू. तांबडा लागला तर गाडी बंद आणि तालुक्याला बातमी.

पेटी खोटं मोजत नव्हती. बारीक बाहुलीला तिनं बारीकच म्हटलं. ती का बारीक झाली हे मात्र पेटीला कुणी विचारलं नव्हतं.

अपघात कमी झाले हे खरं. त्यामुळं पेटीला कुणी नावं ठेवेना. मग ती गाडीतून बाहेर पडली आणि लोकांच्या फोनमध्ये आली. सोयरिकीला आलेली मंडळी चहा झाला, की "जरा मुलाच्या डोळ्यात बघू" म्हणायला लागली. बायका नवऱ्यांचे, बाप पोरांचे डोळे तपासायला लागले. उन्हाचा चष्मा घालणाऱ्याकडं माणसं तिरपं बघायची. कुणाच्या डोळ्यात डोळे घालून बघणं ही आधी मायेची गोष्ट होती. आता ती झडती झाली होती.

बयाजीच्या घरात ही गोळी एकदा येऊन गेली होती. त्याचा थोरला, रणजित, ट्रकवर होता. लोक सांगायचे, पोराला आवर. बयाजीनं पोराला समोर बसवून विचारलं होतं. "आबा, तुमच्या गळ्याची आण, मी काय खात न्हाय," रणजित म्हणाला होता. बयाजीनं ती आण खरी धरली. रणजितच्या मालकाचा ट्रक जुना होता, त्यात पेटी नव्हती. तो एका उतारावरून रणजितसकट खाली गेला. त्या धक्क्यानं रणजितची आई गेली. घरात बयाजी आणि माग उरला.

आणि तनुजा उरली. ती लग्न होऊन शेजारच्या गावात नांदत होती आणि माणगंगा प्रवासी संघाची बस चालवत होती. तिची गाडी मुक्कामी असे. संध्याकाळी डोंगरापलीकडच्या शेवटच्या गावात जायचं, रात्री तिथंच बसमध्ये झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत यायचं. माणदेशातली थंडी हाडात शिरते. म्हणून दिवाळीला बयाजीनं तिला स्वतःच्या हातची घोंगडी दिली होती. चांगली दणकट, काठाला पांढरी पट्टी घातलेली. बाईमाणूस एकटी बसमध्ये झोपते, येता-जाता कुणी काचेतून डोकावू नये, म्हणून तनू ती डोक्यावरून तोंडावर ओढून घ्यायची.

दुपारी तनू आली. अजून अंगात खाकी शर्ट होता. आली ती थेट माठाकडं गेली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "काय आबा, तुमच्या जावयानं सकाळीच बातमी पोचवली वाटतं. वर्तमानपत्र काढा म्हणावं एक."

"आत ये," बयाजी म्हणाला.

"कुठं आत?"

"मागाच्या खोलीत. अंधारात."

तनूच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती आत आली. बयाजीनं दार लोटलं. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोघं उभे राहिले. मग त्यानं दार बोटभर उघडलं आणि त्या फटीच्या उजेडात लेकीची हनुवटी वर केली.

इतक्या अंधारातून आलेल्या डोळ्यात बाहुल्या मोहरीएवढ्याच होत्या.

"तूबी गं, तनू?"

"आबा, तुमच्या गळ्याची आण. मी काय खात न्हाय."

तेच शब्द. त्याच घरात, त्याच आवाजाच्या वळणानं. बयाजीचा हात खाली आला. त्या आवाजापेक्षा त्याला पेटी खरी वाटली, आणि असं वाटलं म्हणून तो मनातून हादरला. पण वाटलं ते वाटलंच.

*

सुनावणी तालुक्याच्या समितीपुढं, जुन्या शाळेत झाली. कायद्यात एक सोय होती. पहिल्यांदा सापडलेल्याच्या वतीनं आईनं, बापानं किंवा थोरल्या भावानं "मी याची हमी घेतो" म्हटलं, तर त्या माणसाला घरी राहून रोज डोळे दाखवायची मुभा मिळे; नाहीतर व्यसनमुक्ती केंद्रात जावं लागे. नवऱ्याचा शब्द धरत नसत. नवरे घाबरून खोटं बोलतात, असं म्हणे समितीला दिसून आलं होतं.

समितीच्या अध्यक्षबाई शांत स्वभावाच्या होत्या. केस पांढरे, बोलणं हळू.

"बयाजीराव, मुलीची हमी घेताय ना?"

सुजितनं कोपरानं सासऱ्याला ढोसलं. "मामा, म्हणा की."

बयाजी उभा राहिला. त्याच्या मनात आलं, मागं एकदा 'हो' म्हटलं आणि पोरगा गेला. आता 'नाही' म्हटलं तर निदान ही जिवंत राहील.

"न्हाय," तो म्हणाला. "तिला केंद्रात धाडा. तिच्या भल्यासाठी."

तनूनं बापाकडं बघितलं नाही. ती अध्यक्षबाईंना म्हणाली, "माझं सामान बसमध्येच आहे. तेवढं घरी पोचवायला सांगा."

सामानातली घोंगडी सुजितनं बयाजीच्या घरी आणून टाकली. "तुमची वस्तू तुमच्यापाशी ठेवा, मामा," एवढंच बोलला आणि गेला.

केंद्रात तनूला काही औषध द्यावं लागलं नाही. आठवडा उलटायच्या आत तिच्या बाहुल्या पहिल्यासारख्या झाल्या. केंद्रातून बयाजीला फोन आला. सुधारणा उत्तम आहे, गोळी सुटली की डोळे असेच मोकळे होतात, काळजी करू नका. फोन ठेवून बयाजी अंगणात बसला. आपण केलं ते बरोबरच केलं, असं त्याला वाटलं. बरोबर केल्याचं समाधान मात्र कुठं सापडेना.

काय करावं, हे न सुचून त्यानं ती घोंगडी काढली. वापरून ती मऊ पडली होती. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे ती ताठ राहते आणि वारा अडवते. बयाजीनं चिंचोके भाजले, दळले, शिजवले. खळ तयार केली आणि कुंच्यानं घोंगडीवर ओढली. अंगणात उन्हात ताणून धरली. लेकीला तोंडानं सांगता येत नव्हतं ते त्यानं त्या कुंच्यानं सांगितलं. काम करता करता त्याचं डोकं जड झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वय झालं, असं म्हणून त्यानं पंच्यानं डोळे पुसले.

तनू सुटून आली. सुधारलेली म्हणून संघानं तिला परत घेतली. पण अट अशी, की पुन्हा तांबडा दिवा लागला तर परवाना कायमचा जाईल. थंडी अजून होती. बयाजीनं सुजितच्या हाती घोंगडी पाठवली. तनू बापाशी बोलत नव्हती, पण घोंगडी तिनं नाकारली नाही. रात्री उघड्या माळावर बस उभी असते आणि वारा फटीतून आत येतो. तिथं अबोला पांघरता येत नाही.

*

काही दिवसांनी सुजितचा फोन आला तेव्हा बयाजी जेवायला बसत होता. "मामा, सरकारी दवाखान्यात या. तनूला आणलीय."

पहिल्या फेरीच्या वेळेस ती पेटीसमोर बसली होती. तांबडा दिवा लागला. पण या खेपेला ती भांडली नाही, काही बोललीही नाही. खाली उतरली आणि तिथंच ओकली. अंगाला घाम सुटला होता, तोंडाला पाणी सुटत होतं. कुणीतरी दिवा बारीक केल्यासारखं सगळं अंधुक दिसतंय, असं ती म्हणाली. जमलेल्यांपैकी कुणीतरी बोललं, "जास्त घेतली असणार."

दवाखान्यात डॉक्टर मुजावर म्हणून तरुण बाई होत्या. बयाजी पोचला तेव्हा त्या तनूच्या डोळ्यात बॅटरी धरून उभ्या होत्या. तनू थरथरत होती म्हणून सुजितनं तिच्या अंगावर घोंगडी घातली होती.

"तुम्ही वडील? बसा. मला आधी वाटलं, गोळीच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून गोळीचा उतारा नाकात फवारला. गोळी असती तर एव्हाना बाहुल्या सुटायला हव्या होत्या. त्या हलल्याही नाहीत. आणि गोळीनं तोंड कोरडं पडतं. हिच्या तोंडाला पाणी सुटतंय."

"म्हंजे गोळी न्हाय?" सुजितनं विचारलं.

"नाही वाटत."

"मग बाहुली बारीक कशानं झाली?"

"अहो, बाहुली बारीक व्हायला कारणं काय थोडी आहेत? उजेडात तर प्रत्येकाचीच होते. वयानं होते. तुमच्या सासऱ्यांच्या बघा, त्याही बारीकच आहेत. काचबिंदूच्या थेंबांनी होते. डोळा आतून सुजला तर होते. मानेतली एक नस दबली तर एकाच बाजूची होते. मेंदूच्या देठात रक्तस्राव झाला तर दोन्ही टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. त्याची मला धास्ती होती, पण ही शुद्धीवर आहे, नीट बोलतेय." त्या जरा थांबल्या. "आणि एक कारण आपल्या भागात फार आहे. कीटकनाशक. बटव्याची दोरी ओढली की तोंड आवळतं, तसा बाहुलीभोवती एक गोल स्नायू असतो. 'आवळ' हा निरोप त्याला एका रसायनातून मिळतो. निरोप पोचला, की शरीरातलं दुसरं एक द्रव्य ते रसायन झाडून काढतं आणि दोरी सैल होते. काही औषधं त्या झाडणाऱ्या द्रव्यालाच मारतात. मग निरोप जातच राहतो. दोरी सुटत नाही. घाम, लाळ, ओकारी, सगळं त्यानंच. तुम्ही द्राक्षबागेत फवारणी करता का?"

"आमच्याकडं बागच न्हाय," सुजित म्हणाला.

"धान्यात पावडर घालता? ढेकणाचं, उवांचं औषध?"

"न्हाय."

"जनावरं? मेंढ्या? गोचिडाचं औषध घरात असतं?"

"आमची कुठली मेंढरं," बयाजी म्हणाला. "आम्ही सणगर, विणकर माणसं. मेंढरं धनगरांची. आम्ही त्यांची लोकर..."

आणि तो थांबला.

मागच्या साली शहरातून घोंगड्या परत आल्या होत्या. कसर लागली म्हणून. लोकरीला कसर लागते, बारीक अळी, ती आतून भोकं पाडते. विणकरांच्या सोसायटीची सगळ्यांपुढं शोभा झाली. तेव्हा बयाजीला एक युक्ती सुचली. मेंढ्यांच्या अंगावर ज्यानं गोचीड मरतो त्यानं लोकरीत कसर कशी होईल? धनगराकडून त्यानं बाटली आणली आणि खळीत थोडं औषध ओतलं. सोसायटीच्या हणमंतला सांगितलं, त्यानंही तसंच केलं. घोंगड्या टिकल्या. कुणाला काही झालं नाही, निदान कुणी तसं म्हटलं नाही. तनूच्या घोंगडीला मात्र त्यानं हात सैल सोडला होता. लेकीची वस्तू, जन्मभर टिकली पाहिजे. आणि दुसऱ्या खळीत, पश्चात्तापानं, आणखी जास्त.

"काढा ती!" तो ओरडला. आणि कुणी हलायच्या आत त्यानं स्वतःच लेकीच्या अंगावरची घोंगडी ओढून काढली, घेऊन बाहेर गेला आणि दवाखान्याच्या मागं उन्हात फेकून दिली. परत येऊन दारातच उभा राहिला. आत यायची त्याला भीती वाटत होती, जणू विष त्याच्याच अंगाला होतं. आणि तसं ते थोडंफार होतंही.

"मी घातलं," तो म्हणाला. "खळीत. गोचिडाचं औषध. मी घातलं डॉक्टरबाई."

डॉक्टर मुजावर त्याला ओरडल्या नाहीत. त्यांनी नर्सला तनूला साबणानं अंघोळ घालायला सांगितलं, कपडे बदलायला लावले, शिरेतून औषध सुरू केलं. मग बयाजीलाही हातपाय धुवायला पाठवलं. तो धुऊन आला तेव्हा म्हणाल्या, "लोकरीच्या तेलकटपणात ते मुरून राहतं. ही तोंडावरून पांघरत होती ना? रोज रात्रभर श्वासाची ऊब, डोळे अगदी त्याला लागून, आणि थोडं थोडं साचत गेलं. म्हणून डोळ्यावर आधी दिसलं. केंद्रात घोंगडी नव्हती, म्हणून तिथं बाहुल्या सुटल्या. त्या झाडणाऱ्या द्रव्याची रक्तात मोजणी होते, ती करू. कमी निघेल."

कमीच निघाली.

*

दुसऱ्या दिवशी तनू उशीला टेकून बसली होती. बाहुल्या फुलल्या होत्या, औषधानं जरा जास्तच. उजेड टोचतोय म्हणून तिनं डोळ्यांवर ओढणी धरली होती. बयाजी स्टुलावर बसला. किती तरी वेळ तो पेरू कापत होता. एवढासा पेरू, पण त्याचे तुकडे संपत नव्हते.

"आता त्याची चटणी करणार काय?" ओढणीखालून तनू म्हणाली.

बयाजीनं सुरी ठेवली. "तनू, चुकलं माझं. मी जीव घेतला असता तुझा."

"घोंगडीचं म्हणताय?"

"मग आन् कशाचं?"

तनूनं ओढणी काढली. डोळे मिचकावत, पाणी येत असतानाही तिनं सरळ बापाकडं बघितलं. "आबा, घोंगडीत औषध घातलंत ते मायेनं. ते मी कुणालाही सांगीन, हसत सांगीन. पण मागाच्या खोलीत माझी हनुवटी वर करून 'तूबी' म्हणालात. शाळेत सगळ्यांपुढं 'न्हाय' म्हणालात. त्याचं काय?"

रणजितचं नाव बयाजीच्या ओठावर आलं. ते उत्तर होतं. पण त्यानं ते गिळलं. मेलेल्या पोराच्या मागं लपायचं नाही, एवढं त्याला त्या घटकेला कळलं.

"त्याला माफी न्हाय," तो म्हणाला. "मागतबी न्हाय."

"नका मागू," तनू म्हणाली आणि पेरूचा एक तुकडा उचलला.

दुपारी हणमंत आला. सोसायटीचा अध्यक्ष, बयाजीचा बरोबरीचा. त्यानं बयाजीला बाहेर लिंबाखाली नेलं.

"बयाजी, डॉक्टरीणबाईनं लेखी दिलंय की विषबाधा हाय. झालं की मग. समितीला सांग, कुणाच्या तरी रानात फवारणी चालली होती, पोरगी बस घेऊन तिथनं गेली. कुणाचं काय वाकडं होतंय? घोंगडीचं नाव काढलंस तर सोसायटी बसली म्हणून समज. शहरात कोण घेईल आपली घोंगडी?"

"फवारणी म्हटलं तर त्यांनी मानायला पाहिजे. बागवाल्याला इचारतील. तो न्हाय म्हणंल. मग पुन्हा तनू खोटी."

"मानतील रे."

"आन् शहरात ज्यांनी घोंगड्या घेतल्या? त्यांची पोरं पांघरत असतील हणमंता. तोंडावरून."

हणमंत चिडून म्हणाला, "तवा सुचली न्हाय ही अक्कल? मला पयल्यांदा तूच शिकवलंस की."

"व्हय. मीच शिकवलं. तेबी सांगणार हाय."

"माझं नाव घेऊ नगंस म्हंजे झालं."

"तुझं तू घे," बयाजी म्हणाला.

*

समिती पुन्हा त्याच शाळेत बसली. डॉक्टर मुजावर आल्या होत्या. बयाजीनं घोंगडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणली होती आणि ती बाहेरच, पायरीवर ठेवली होती.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला काय सांगायचंय?"

"मागं तुम्ही हमी इचारली, तवा मी न्हाय म्हणालो," बयाजी म्हणाला. "आज हमी घ्यायला आलेलो न्हाय. लेकीला माझ्या हमीची गरज न्हाय. मी माझंच सांगायला आलोय." आणि त्यानं सांगितलं. कसर, बाटली, खळ, किती घोंगड्या आणि कुठं गेल्या असतील ते. सांगताना कुठं अडखळला नाही. मागं बाकावर हणमंत बसला होता. शेवटी तोही उठला, चार शब्द पुटपुटला आणि खाली बसला.

तपासणीत घोंगडीत विष निघालं. तनूचा परवाना परत मिळाला, केंद्रात गेल्याची नोंद पुसली गेली. अध्यक्षबाईंनी वर कळवलं, की तांबडा दिवा लागला, तर आधी माणसाला दवाखान्यात न्यावं आणि मग समितीपुढं आणावं. काही तालुक्यांनी ते ऐकलं, काहींनी नाही. त्या घोंगड्या सोसायटीनं परत मागवल्या. बऱ्याच आल्या, काही आल्या नाहीत. शहरातली मागणी तुटली. गावातले माग त्या साली निम्मे बंद राहिले. लोक बयाजीला तोंडावर काही बोलत नसत. पारावर तो आला, की गप्पा मात्र थांबत.

फाल्गुनात थंडी ओसरल्यावर एके दिवशी बयाजी बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. तालुक्याला काही काम नव्हतं. तनूची बस आली, दार उघडलं. तनूच चालवत होती, पेटीवर हिरवा दिवा लागलेला होता. सुनावणीनंतर बाप-लेक समोरासमोर आली ती आज.

"कुठं, आबा?"

"तालुक्याला. उगीच."

पुढची सीट रिकामी होती. तो तिथं टेकायला लागला.

"मागं बसा," तनू म्हणाली. "पुढं माझ्या भरवशाची माणसं बसतात."

डेअरीची एक बाई फिस्सकन हसली. बयाजी मागं गेला आणि अगदी शेवटच्या बाकावर बसला. बस निघाली. मागच्या बाकावर प्रत्येक खड्डा कमरेत लागत होता. तो दांडा धरून बसला. उतरावं असं त्याला वाटलं नाही.

दोन गावं गेली. तिसऱ्या गावाला माणसं चढली-उतरली. बस निघेना. ड्रायव्हरच्या जागेवरून आवाज आला, जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आबा, पुढं या. तिथं मागं तुमचं म्हातारं हाड खिळखिळं होईल, मग दवाखान्यात पेरू मलाच कापावे लागतील."

बयाजी दांडे धरत धरत पुढं आला. पुढच्या सीटवर बसला. बसल्या बसल्या सवयीनं त्यानं लेकीच्या चेहऱ्याकडं, डोळ्यांकडं मान वळवली.

"माझ्याकडं बघायचं नाही," तनू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "मी बघतेय समोर."

"बरं," बयाजी म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघू लागला. पळसाला फुलं आली होती. माळावरची मेंढरं एका रेषेत चालली होती. रणजित गेल्यापासून त्याला कुठल्या गाडीत कधी झोप लागली नव्हती. तो दांडा आवळून बसायचा, ब्रेकचा प्रत्येक आवाज ऐकायचा. आज त्यानं दांडा सोडून हात मांडीवर ठेवले.

वळणं सुरू झाली तेव्हा त्याची मान एका बाजूला कलली होती. तोंड जरासं उघडं होतं आणि तो घोरत होता.

डेअरीची बाई म्हणाली, "तनुजाताई, तुमचं वडील झोपलं की."

"झोपू द्या," तनू म्हणाली, आणि पुढचं वळण तिनं अगदी हळू घेतलं.